विश्वाची पहाट आणि चंद्राची पाठ

विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे आहे. या प्रदीर्घ काळाची नोंद मुख्यतः प्रकाशात उरली आहे. वस्तू जितकी दूर, तितका तिचा हाती येणारा प्रकाश जुना. पण विश्व प्रसरण पावत असल्यामुळे हा प्रकाश वाटेत ताणला जातो, म्हणजे त्याची तरंगलांबी वाढत जाते. निघताना अतिनील असलेला किरण पोहोचताना अवरक्त झालेला असतो. २१ सेंटिमीटर लांबीची रेडिओ लहर दोन-तीन मीटर लांब होऊन येते. या ताणाला ताम्रसृती म्हणतात. तिच्यामुळे विश्वाच्या प्रत्येक कालखंडाचा प्रकाश आज वेगवेगळ्या पट्ट्यात सापडतो. विश्वाच्या उत्पत्तीचा वेध घेणारी मोहीम आखताना पहिला प्रश्न पडतो तो हाच : कोणता काळ पाहायचा आहे, आणि त्याचा प्रकाश आता कोणत्या पट्ट्यात आला आहे?

दुसरा प्रश्न वातावरणाचा. पृथ्वीचे वातावरण दोनच खिडक्या नीट उघड्या ठेवते, एक दृश्य प्रकाशाची आणि दुसरी रेडिओ लहरींची. गॅमा किरण, क्ष-किरण आणि बहुतेक अतिनील किरण वरच्या वर अडतात. अवरक्ताचा मोठा भाग हवेतली वाफ गिळते. रेडिओ लहरींतही फार लांब लहरींना आयनांबर परतवून लावते, आणि त्याहून थोड्या आखूड लहरी आत आल्या तरी वाटेत वाकतात. अवकाशात दुर्बीण पाठवण्याचा खर्च आणि खटाटोप करावा लागतो तो यासाठी. गेल्या शतकभरात या कारणांत आणखी एकाची भर पडली आहे. ते म्हणजे माणसाने स्वतः उभा केलेला रेडिओ लहरींचा गोंगाट. त्याचे सर्वात बोलके उदाहरण नाशिक आणि पुणे यांच्यामध्येच सापडते.

पुणे–नाशिक महामार्गावरील नारायणगावापासून जवळच, जुन्नर तालुक्यातील खोडद येथे जायंट मीटरवेव्ह रेडिओ दुर्बीण उभी आहे. शास्त्रज्ञांपासून गावकऱ्यांपर्यंत सगळे तिला ‘जीएमआरटी’ म्हणतात. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या विस्तारात पसरल्या आहेत. त्यातल्या १४ मध्यभागी एकवटलेल्या आहेत आणि उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन भुजांवर आहेत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुण्यातील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने ती बांधली. कल्पना आणि नेतृत्व गोविंद स्वरूप यांचे. तबकडीचा पृष्ठभाग भरीव पत्र्याचा न ठेवता ताणलेल्या पोलादी दोरांवर बारीक तारांची जाळी बसवली. त्यामुळे तबकड्या हलक्या झाल्या, वारा जाळीतून निघून जाऊ लागला आणि खर्च आवाक्यात राहिला. मीटरभर लांबीच्या लहरींना जाळीची भोके जाणवतच नाहीत.

जीएमआरटीच्या मूळ उद्दिष्टांपैकी एक थेट विश्वाच्या बाल्याशी जोडलेले होते : दीर्घिका बनण्यापूर्वीच्या हायड्रोजनच्या ढगांचा माग काढणे. विश्वातला सर्वात विपुल अणू हायड्रोजनचा. विद्युतभार नसलेला, थंड हायड्रोजन २१ सेंटिमीटर तरंगलांबीची, म्हणजे सुमारे १४२० मेगाहर्ट्झ वारंवारतेची, अतिशय क्षीण लहर सोडतो. ती जितक्या जुन्या काळातून येईल तितकी तिची वारंवारता खाली घसरते, आणि म्हणून वारंवारता हेच काळाचे माप ठरते. आद्य ढग जीएमआरटीला अजून सापडलेले नाहीत, पण वाटेतले टप्पे सापडले. २०२० मध्ये पुण्याच्या केंद्रातील संशोधकांनी साडेसात हजारांहून अधिक दूरच्या दीर्घिकांचे संदेश एकत्र करून, सुमारे ८०० कोटी वर्षांपूर्वीच्या विश्वातल्या अणुरूप हायड्रोजनचे सरासरी प्रमाण मोजले. २०२३ मध्ये कॅनडातील मॅकगिल विद्यापीठ आणि बंगळूरुची भारतीय विज्ञान संस्था यांच्या संशोधकांनी याच दुर्बिणीच्या निरीक्षणांतून एका एकट्या दीर्घिकेची २१ सेंटिमीटर लहर टिपली. ती जवळपास ८८० कोटी वर्षांपूर्वी निघाली होती. मध्ये आलेल्या दुसऱ्या दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने तिचा संदेश मोठा करून दिला नसता, तर तो हाती लागलाच नसता.

अशा क्षीण संदेशांना शेजार फार जपून निवडावा लागतो. खोडदची निवड करताना मोठ्या शहरांपासूनचे अंतर, डोंगरांचा आडोसा आणि तेव्हाचा शांत रेडिओ परिसर या गोष्टी पाहिल्या होत्या. ती शांतता टिकवणे दिवसेंदिवस कठीण होत आहे. मोबाइल मनोरे, विजेच्या उच्चदाब वाहिन्यांवर उडणाऱ्या ठिणग्या, वाढती वस्ती, सगळ्यांचा त्रास होतो. प्रस्तावित पुणे–नाशिक निमजलद रेल्वेचा प्रश्नही इथेच अडला. सुमारे २३५ किलोमीटरचा मूळ मार्ग नारायणगाव परिसरातून जाणारा होता. विजेवर धावणारी गाडी आणि तिच्या वाहिन्या दुर्बिणीच्या कामात अडथळा आणतील, या आक्षेपामुळे तो मार्ग बाजूला ठेवून शिर्डी व अहिल्यानगरकडून जाणारा पर्याय रेल्वेने पुढे केला. जुन्नर, आंबेगाव, संगमनेर या भागांतून मूळ मार्गाचीच मागणी होत राहिली. रेल्वे हवी असणे यात काही चूक नाही. शांतता हवी असलेल्या दुर्बिणीचीही चूक नाही. पण दाट लोकवस्तीच्या देशात विश्वाच्या आद्यकाळाचा वेध जमिनीवरून किती काळ घेता येईल, हा प्रश्न या वादाने उघडा पाडला.

त्यातही सर्वात अडचणीचा पट्टा नेमका सर्वात मोलाचा आहे. महास्फोटानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी विश्व इतके निवळले, की इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन जुळून हायड्रोजनचे अणू तयार झाले. तारे मात्र अजून नव्हते. या काळाला खगोलशास्त्रज्ञ अंधारयुग म्हणतात. काही कोटी वर्षांनी पहिले तारे पेटले. त्यांच्या प्रकाशाने भोवतालच्या हायड्रोजनची अवस्था बदलत गेली आणि विश्व सुमारे १०० कोटी वर्षांचे होईपर्यंत दीर्घिकांच्या दरम्यानचा बहुतेक हायड्रोजन पुन्हा विद्युतभारित झाला. पहिले तारे नेमके केव्हा उगवले याचे उत्तर २१ सेंटिमीटरच्या लहरीत दडले आहे, पण आज ती लहर ४० ते २०० मेगाहर्ट्झच्या दरम्यान पोहोचते. एफएम रेडिओचा पट्टा ८८ ते १०८ मेगाहर्ट्झचा. म्हणजे विश्व साधारण २६ ते ३६ कोटी वर्षांचे असतानाचा हायड्रोजन आज नेमका त्याच खुंट्यांवर ऐकू यायला हवा, जिथे नाशिककरांच्या रेडिओवर गाणी आणि बातम्या लागतात. एफएमचा मनोरा त्याला सहज झाकून टाकतो.

आपली आकाशगंगाही या पट्ट्यात रेडिओ लहरी सोडते, आणि तिचा संदेश हायड्रोजनच्या अपेक्षित संदेशापेक्षा दहा हजार ते लाखपटीने प्रबळ असतो. त्यामुळे इथे चूक होणे सोपे. २०१८ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातील ‘एजेस’ या प्रयोगाने ७८ मेगाहर्ट्झजवळ हायड्रोजनने केलेले शोषण सापडल्याचा दावा केला. ते अपेक्षेपेक्षा दुपटीहून खोल होते आणि त्यावरून कृष्णद्रव्याच्या नव्या गुणधर्मांच्या कल्पना पुढे आल्या. बंगळूरुच्या रामन संशोधन संस्थेने ‘सारस’ नावाच्या अँटेनाने याची पडताळणी केली. अँटेनाखालची जमीन थराथरांची, कुठे ओली कुठे कोरडी असते आणि तिच्यावरून परतणाऱ्या लहरी मोजमाप बिघडवतात. म्हणून सारसची तिसरी आवृत्ती तराफ्यावर बसवून कर्नाटकातील दंडिगनहळ्ळी तलावात आणि शरावती नदीच्या जलाशयात तरंगवली. पाणी सगळीकडे सारखे, त्यामुळे परतणारी लहरही अंदाजात बसणारी. २०२० च्या सुरुवातीच्या या निरीक्षणांचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. एजेसने सांगितलेला संदेश सारसने ९५.३ टक्के विश्वासार्हतेने नाकारला. जगातल्या एका गाजलेल्या दाव्याला तलावातल्या तराफ्याने दिलेले हे उत्तर भारतीय खगोलशास्त्रातील अत्यंत कसदार कामांपैकी एक आहे, आणि त्याची व्हावी तेवढी चर्चा मराठीत झालेली नाही.

या मालिकेतली पुढची पायरी चंद्रावर जाते. रामन संशोधन संस्था इस्रोच्या साहाय्याने ‘प्रत्युष’ या मोहिमेची आखणी करत आहे. चंद्राची एकच बाजू कायम पृथ्वीकडे असते. पलीकडच्या बाजूवर गेले की ३४७४ किलोमीटर व्यासाचा खडक पृथ्वीवरचा सगळा रेडिओ गोंगाट अडवतो. ही कल्पना तपासून झालेली आहे. १९७३ मध्ये अमेरिकेने चंद्राभोवती फिरवलेल्या एक्सप्लोरर-४९ या उपग्रहाला चंद्रामागे जाताच पृथ्वीचा गोंगाट बंद झालेला आढळला होता. त्यानंतर गोंगाट वाढतच गेला. २०२३ मध्ये युरोपातील ‘लोफार’ दुर्बिणीला तर दळणवळण उपग्रहांच्या अंतर्गत यंत्रणेतून नकळत गळणाऱ्या रेडिओ लहरीही सापडल्या. अशा उपग्रहांची संख्या हजारोंनी वाढत असताना पृथ्वीवरची कोणतीच जागा पूर्ण शांत राहणार नाही.

प्रत्युष आधी पृथ्वीभोवतीच्या कक्षेत चाचणी घेऊन नंतर चंद्राभोवती फिरवण्याचा विचार आहे. चंद्रावर उतरण्यापेक्षा कक्षेत फिरणे सोपे, शिवाय अँटेनाच्या खाली जमीनच नसते. मात्र आखणीतल्या अडचणी वेगळ्या आहेत. चंद्राजवळून एक फेरी साधारण दोन तासांची. तिच्यातला काही भागच पृथ्वीपासून आडोशाचा, आणि सूर्यही क्षितिजाखाली हवा, कारण सूर्यसुद्धा रेडिओ लहरी सोडतो. प्रत्येक फेरीत उपयोगी पडतील अशी मिनिटे मोजकीच. तेवढ्या वेळात टिपलेली माहिती साठवायची आणि पृथ्वी दिसू लागली की पाठवायची. याहून जिकिरीची गोष्ट म्हणजे यानाचा स्वतःचा आवाज. संगणक, वीजपुरवठा, तापमान राखणारी उपकरणे यांतल्या प्रत्येकातून सूक्ष्म रेडिओ लहरी गळतात. शेजाऱ्यांपासून चंद्रामागे पळालेल्या यानाने स्वतःच गोंगाट केला तर सगळा प्रवास फुकट.

या शर्यतीत भारत एकटा नाही. चीनचे चांग-अ ४ हे यान ३ जानेवारी २०१९ रोजी चंद्राच्या पलीकडच्या बाजूवर उतरले आणि त्याने कमी वारंवारतेची उपकरणे नेली होती. चंद्राभोवती छोट्या उपग्रहांचा ताफा फिरवण्याची चीनची योजना आहे. अमेरिकेने ‘लूसी-नाइट’ हे उपकरण पलीकडच्या बाजूवर ठेवण्याचे काम हाती घेतले आहे.

अंधारयुगापाशीही न थांबता आणखी मागे जायचे तर सूक्ष्मलहरींकडे वळावे लागते. हायड्रोजन तयार झाला त्या वेळी मोकळा झालेला प्रकाश आज २.७२५ केल्विन तापमानाचे पार्श्वभूमी प्रारण म्हणून सर्व दिशांनी येतो. १९६५ मध्ये पेन्झियस आणि विल्सन यांनी त्याचा शोध जाहीर केला. त्यानंतर कोबे (१९८९), डब्ल्यूमॅप (२००१) आणि प्लांक (२००९) या तीन उपग्रहांनी त्यातले लाखात एक भाग इतके सूक्ष्म चढउतार उत्तरोत्तर बारकाईने मोजले. विश्वाच्या वयाचा आजचा आकडा मुख्यतः याच मोजमापातून आला. आता पुढचा शोध आहे तो या प्रारणाच्या ध्रुवणातील एका विशिष्ट वळणदार आकृतिबंधाचा. विश्व जन्मताच क्षणार्धात प्रचंड फुगले असेल, तर त्या वेळच्या गुरुत्वीय लहरींनी हा ठसा मागे ठेवलेला असायला हवा.

भारतीय शास्त्रज्ञांच्या ‘सीएमबी-भारत’ या समूहाने यासाठी ‘एको’ नावाच्या उपग्रहाचा प्रस्ताव इस्रोपुढे मांडला आहे. पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेत दीर्घकाळ काम केलेले आणि पुढे रामन संशोधन संस्थेचे संचालक झालेले तरुण सौरदीप हे त्यामागचे प्रमुख नाव. या मोहिमेने किती वारंवारतांवर पाहावे, हा आखणीतला कळीचा मुद्दा आहे, आणि त्याचे कारण २०१४ मध्ये मिळालेला धडा. त्या वर्षी दक्षिण ध्रुवावरील ‘बायसेप-२’ प्रयोगाने तो आद्य ठसा सापडल्याचे जाहीर केले होते. प्लांकच्या मोजमापांशी ताडून पाहिल्यावर कळले, की तो संदेश आपल्याच आकाशगंगेतील धुळीचा होता. एकाच वारंवारतेवर पाहिले की धूळ आणि विश्वाचा जन्म वेगळे ओळखता येत नाहीत. अनेक पट्ट्यांत पाहिले तर येतात, कारण दोघांची तीव्रता वारंवारतेनुसार वेगवेगळी बदलते. म्हणून एकोच्या आराखड्यात बरेच पट्टे धरले आहेत. त्यांच्या संवेदकांना निरपेक्ष शून्याच्या केवळ दशांश केल्विन वर इतके थंड ठेवावे लागेल, आणि तेही वर्षानुवर्षे, पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरच्या एल-२ बिंदूजवळ. असे शीतकरण भारताने अवकाशात अजून केलेले नाही. जपानचा ‘लाइटबर्ड’ हा उपग्रह याच शोधासाठी २०३० च्या दशकाकरिता आखला जात आहे. त्यामुळे एकोला स्वतःचे काही वेगळे दाखवावे लागेल. नुसते ‘आपणही’ म्हणून एवढा खर्च करणे पटणारे नाही.

या ठिकाणी जयंत नारळीकरांचा उल्लेख टाळता येत नाही. आयुकाचे संस्थापक संचालक असलेल्या नारळीकरांना महास्फोटाचा सिद्धांत कधीच पुरता पटला नाही. फ्रेड हॉईल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या अर्धस्थिर विश्वाच्या कल्पनेत पार्श्वभूमी प्रारणाचा उगम ताऱ्यांच्या प्रकाशात आणि अवकाशातील लोहकणांमध्ये शोधला होता. प्लांकसारख्या मोजमापांनंतर बहुसंख्य शास्त्रज्ञांनी ती कल्पना स्वीकारली नाही. तरीही भारतातल्या विश्वरचनाशास्त्राच्या दोन पिढ्या ज्या संस्थेत घडल्या, तिच्या संस्थापकाने प्रचलित मताला सतत प्रश्न विचारले, हे मोहीम आखणाऱ्यांच्या पथ्यावरच पडले. कोणत्या मोजमापाने आपला सिद्धांत खोटा ठरेल, हे आधी ठरवण्याची सवय अशा वातावरणात लागते. डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकला भरलेल्या ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे नारळीकर अध्यक्ष होते; प्रकृतीमुळे ते प्रत्यक्ष येऊ शकले नाहीत. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

दीर्घिका घडू लागल्यानंतरच्या काळासाठी अतिनील किरणांची गरज पडते, आणि इथे भारताच्या गाठीशी अनुभव आहे. ॲस्ट्रोसॅट ही भारताची पहिली संपूर्ण अवकाश वेधशाळा २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३० ने सोडली गेली. तिच्यावर पाच उपकरणे आहेत. त्यातली क्ष-किरणांची तीन उपकरणे मुंबईच्या टाटा संस्थेच्या नेतृत्वाखाली घडली, तर अतिनील दुर्बीण बंगळूरुच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने आयुका व इतरांच्या साहाय्याने बनवली. कक्षा ६५० किलोमीटर उंचीवर, विषुववृत्ताशी केवळ सहा अंशांच्या कलाची. हा कल मुद्दाम निवडला. दक्षिण अटलांटिकवर पृथ्वीभोवतीचे विद्युतभारित कणांचे पट्टे खाली झुकलेले आहेत आणि तिथून जाताना संवेदक गोंधळतात. विषुववृत्ताजवळ फिरणाऱ्या उपग्रहाला त्या भागाचा स्पर्श कमी होतो. श्रीहरिकोटा मात्र उत्तरेला जवळपास १४ अंशांवर आहे, म्हणून कक्षा वळवण्यासाठी अग्निबाणाला जादा इंधन खर्चावे लागले. मोहिमेची आखणी म्हणजे असेच सौदे असतात.

अतिनील दुर्बिणीचे शत्रू जमिनीवरही असतात. आरशावर तेलाचा किंवा गोंदाचा अदृश्य थर बसला तरी त्याची अतिनील किरणे परावर्तित करण्याची क्षमता घसरते. त्यामुळे जोडणी अत्यंत स्वच्छ खोल्यांत झाली, आणि उड्डाणानंतरही यानातले वायू निघून जावेत म्हणून दुर्बिणीची दारे सुमारे दोन महिने बंदच ठेवली. या काळजीचे फळ २०२० मध्ये दिसले. आयुकाचे कनक साहा आणि सहकाऱ्यांनी ९३० कोटी प्रकाशवर्षांवरील एका दीर्घिकेतून आलेले अतिशय ऊर्जावान अतिनील किरण शोधले. निरीक्षण ऑक्टोबर २०१६ मधले, २८ तासांहून अधिक वेळाचे. खात्री करण्यात पुढची काही वर्षे गेली. पहिल्या दीर्घिकांतून असेच किरण बाहेर पडून विश्वातला हायड्रोजन विद्युतभारित झाला असावा, म्हणून या शोधाचे महत्त्व. दुर्बिणीचा आरसा जेमतेम ३७.५ सेंटिमीटरचा. हबल अवकाश दुर्बिणीचा २.४ मीटरचा. संवेदकांमधला गोंगाट कमी असल्यामुळे लहान दुर्बिणीला मोठीने न टिपलेले टिपता आले. आकाराचे कौतुक करताना हे विसरता कामा नये.

ॲस्ट्रोसॅटचे नियोजित आयुष्य पाच वर्षांचे होते. ते केव्हाच उलटून गेले, आणि त्याच्या अतिनील दुर्बिणीचा एक पट्टा २०१८ मध्येच बंद पडला. हबल तर १९९० पासून फिरत आहे. दोन्ही थांबल्यावर जगाकडे अतिनील पट्ट्यातली सर्वसाधारण उपयोगाची मोठी दुर्बीण उरणार नाही. अमेरिकेची ‘हॅबिटेबल वर्ल्ड्‌स’ वेधशाळा २०४० च्या दशकाआधी येणार नाही. भारतीय खगोलभौतिकी संस्थेने प्रस्तावित केलेली ‘इन्सिस्ट’ ही सुमारे एक मीटर आरशाची दुर्बीण ही पोकळी भरू शकते. विश्वविज्ञानातल्या भारताच्या सर्व प्रस्तावांत वेळेच्या दृष्टीने हा सर्वात निकडीचा म्हणावा लागेल. उशीर झाला तर त्याचे वेगळेपणच संपेल.

काही घटना मात्र वाट पाहत नाहीत. १७ ऑगस्ट २०१७ रोजी अमेरिकेतील लायगो आणि इटलीतील व्हर्गो या वेधशाळांनी सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवरील दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून आलेल्या गुरुत्वीय लहरी नोंदवल्या. १.७ सेकंदांनी गॅमा किरणांचा झोत आला. त्या क्षणी ॲस्ट्रोसॅट पृथ्वीच्या अशा बाजूला होता, की तो स्रोत त्याच्या दृष्टीने पृथ्वीआड गेला होता. आयआयटी मुंबईच्या वरुण भालेराव यांच्या नेतृत्वाखाली आखलेल्या ‘दक्ष’ या मोहिमेचा गाभा याच अनुभवाशी जुळतो. एकाऐवजी दोन उपग्रह, पृथ्वीच्या समोरासमोरच्या बाजूंना. एकाच्या आड आलेले आकाश दुसऱ्याला दिसेल, म्हणजे कोणताही झोत निसटणार नाही.

अशा टकरींचा विश्वाच्या उत्क्रांतीशी संबंध दुहेरी आहे. सोने, प्लॅटिनम यांसारख्या जड मूलद्रव्यांचा मोठा साठा त्यांत घडतो. शिवाय गुरुत्वीय लहरींच्या आकारावरून टकरीचे अंतर थेट काढता येते आणि त्यावरून विश्वाच्या प्रसरणाचा वेग मिळतो. पार्श्वभूमी प्रारणावरून हा वेग दर मेगापार्सेकला सेकंदाला सुमारे ६७ किलोमीटर येतो, तर जवळच्या ताऱ्यांच्या आणि स्फोटांच्या मोजमापांवरून सुमारे ७३. ही तफावत आजच्या विश्वविज्ञानातली सर्वात अस्वस्थ करणारी गोष्ट आहे. तिसरी, स्वतंत्र पद्धत हवी आहे. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळ उभारली जाणारी लायगो-इंडिया त्यासाठी महत्त्वाची, कारण अमेरिकेबाहेरही चार किलोमीटर भुजांची वेधशाळा आली की लहरी कुठून आल्या हे कितीतरी नेमके सांगता येईल. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिला २६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. जमिनीच्या कंपनांमुळे ज्या संथ लहरी इथून टिपता येत नाहीत, त्यांच्यासाठी युरोपीय अवकाश संस्थेने जानेवारी २०२४ मध्ये ‘लिसा’ मोहीम मंजूर केली. एकमेकांपासून २५ लाख किलोमीटर अंतरावरची तीन याने २०३५ च्या सुमारास सोडायची आहेत. त्याहूनही संथ लहरींचा पुरावा २०२३ मध्ये जगातल्या अनेक गटांनी स्पंदक ताऱ्यांच्या ठोक्यांतून मांडला, आणि त्यांतल्या भारतीय गटाची निरीक्षणे खोडदचीच होती.

दक्ष, इन्सिस्ट आणि एको हे तिन्ही प्रस्ताव इस्रोने २०१८ मध्ये खगोलीय मोहिमांसाठी केलेल्या आवाहनानंतर पुढे आले. अशा प्रस्तावाची वाट ठरलेली असते. आधी वैज्ञानिक प्रश्न, मग त्याला लागणारा संवेदक, मग वजन, वीज आणि माहिती पाठवण्याचा वेग यांचा हिशेब. तो जमला तर प्रयोगशाळेतील नमुन्यासाठी थोडा निधी. नमुना थरथराट, निर्वात आणि तापमानाच्या चाचण्यांतून पार पडला तर पूर्ण मंजुरी. यात दहा-वीस वर्षे सहज जातात. ॲस्ट्रोसॅटची कल्पना १९९६ मधली, उड्डाण २०१५ चे. प्रस्ताव मांडणारा तरुण प्राध्यापक उड्डाणापर्यंत निवृत्तीला टेकतो, आणि माहितीचे विश्लेषण करणारे विद्यार्थी प्रस्तावाच्या वेळी जन्मलेलेही नसतात. अमेरिकेत दर दहा वर्षांनी खगोलशास्त्रज्ञांचा समुदाय एकत्र बसून अग्रक्रम लावतो, आणि पहिल्या क्रमांकाची मोहीम बहुधा होतेच. भारतात २०३५ पर्यंतच्या महाविज्ञान प्रकल्पांचा आराखडा तयार झाला असून खगोलशास्त्राच्या भागाचे काम आयुकाकडे होते. कागदावर अग्रक्रम आहे. मंजुरीचे वेळापत्रक मात्र अजून त्याला बांधलेले नाही, आणि खरी उणीव तीच आहे.

उपग्रह आपला नसला तरी काम अडत नाही, हेही नोंदवायला हवे. २५ डिसेंबर २०२१ रोजी सोडलेल्या जेम्स वेब दुर्बिणीची माहिती जगभरातल्या संशोधकांना खुली होते. तिच्यातून पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी २०२५ मध्ये एक नीट घडलेली सर्पिल दीर्घिका शोधली. विश्व जेमतेम १५० कोटी वर्षांचे असतानाची ही दीर्घिका, तिला त्यांनी ‘अलकनंदा’ हे नाव दिले. इतक्या लवकर अशी सुबक चकती तयार होणे जुन्या अंदाजांत बसत नाही. ॲस्ट्रोसॅटचीही जुनी निरीक्षणे खुली आहेत आणि ती वापरायला शिकवणारा साहाय्य कक्ष आयुकात चालतो. विद्यापीठे व महाविद्यालयांतील प्राध्यापक आणि विद्यार्थ्यांसाठी आयुकाची दारे १९८८ पासूनच उघडी आहेत. संस्थेची स्थापनाच त्यासाठी झाली. नाशिकच्या एखाद्या महाविद्यालयातील भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला या माहितीवर काम करायला संगणक, इंटरनेट आणि मार्गदर्शक पुरतो. दक्ष किंवा प्रत्युष उडतील तेव्हा त्यांनी पाठवलेले आकडे वाचायला लागणारी माणसे याच निरीक्षणांवर तयार व्हायची आहेत.